सेव्हनचे पत्रे: डावी बाजू, उजवी बाजू

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

गाडीचा सांगाडा पावडर कोटिंग होऊन परत आला. काळा, सगळीकडे सारखा, वेल्डच्या खाचांतही नीट बसलेला. घोड्यांवर चढवला तेव्हा गॅरेज भरूनच गेलं. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतली ही जुनी गॅरेजं एका छोट्या गाडीपुरती बांधलेली. सांगाड्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक माणूस जेमतेम वावरतो.

या नोंदी मधूनच वाचायला घेणाऱ्यांसाठी: ही लोटस सेव्हनच्या घराण्यातली गाडी. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमनने मूळ सेव्हन १९५७ साली आणली. ती सुट्या भागांत घेऊन घरी जोडायची रीत पडली, कारण तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा आणि सुट्या भागांच्या संचाला तो लागत नसे. १९७३ मध्ये व्हॅट आला, ती सवलत गेली, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. घरी गाडी जोडण्याची हौस मात्र इथे राहिली. माझं किट एका लहान कारखान्याचं आहे, पण रचना तीच: एक इंची चौकोनी लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे, नाक आणि मडगार्ड फायबरची.

पत्र्यांचा गठ्ठा उघडला. तळाचे दोन, दोन सीटांमधल्या बोगद्याचे तीन, इंजिन आणि पायांमधली भिंत, सीटमागची भिंत, डावी आणि उजवी बाजू, डॅशवरचा स्कटल. बॉनेट नंतर येईल. सगळा माल १०५० जातीचा, एच १४ कडकपणाचा, म्हणजे ९९.५ टक्के शुद्ध अॅल्युमिनियम, अर्धा कडक केलेला. जाडी १.२ मिमी. हाताने वळतो, पण पोचाही तितक्याच सहज पडतो. बाहेरच्या अंगाला निळी प्लास्टिकची फिल्म आहे, ती काम संपेपर्यंत काढायची नाही. फार महिने ठेवली, त्यातून उन्हात, तर ती पत्र्याला घट्ट धरून बसते, म्हणून तारीख लिहून ठेवली.

रविवार, ९ फेब्रुवारी

तळाचे पत्रे. आज फक्त कोरडी जुळणी, भोकं आणि साफसफाई.

खुणा मार्करने केल्या. पेन्सिल मुद्दाम दूर ठेवली. पेन्सिलीतलं ग्राफाइट अॅल्युमिनियमवर राहिलं आणि ओल मिळाली की रेषेच्या बाजूने पत्रा खायला लागतो. टोकदार सुईने ओरखडा काढला तर वळवताना तिथूनच चीर जाते.

नळी २५ मिमी रुंद, म्हणून भोकांची ओळ कडेपासून १२.५ मिमीवर. कडेपासून अंतर रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट हवं, ते सहज मिळालं. दोन भोकांत ५० मिमी. तळाला ४ मिमीचे रिव्हेट, त्यासाठी ४.१ चं ड्रिल. बाजूंना ३.२ चे लागतील, त्यासाठी ३.३ चं. क्लेको दोन्ही मापांचे घेतलेत: तांब्याच्या रंगाचे ३.२ ला, काळे ४ ला. ज्यांनी क्लेको वापरले नाहीत त्यांना सांगतो, भोकातून घालून सोडले की आतल्या बाजूने पकडणाऱ्या या स्प्रिंगच्या खुंट्या आहेत, आणि पत्र्याच्या कामात याहून उपयोगी वस्तू मला माहीत नाही. रिव्हेट मारायच्या आधी पूर्ण पत्रा जागेवर पाहता येतो, काढता येतो, पुन्हा लावता येतो.

अॅल्युमिनियम ड्रिलच्या खाचांत चिकटतं. दर चार-पाच भोकांनंतर टोकाला स्पिरिटचा थेंब दिला की सुटतं. भोक पत्रा आणि नळी एकत्र धरून पाडलं, मग पत्रा काढून दोघांच्याही भोकांचा बर, म्हणजे कडेला उठलेला धारदार कीस, मोठ्या ड्रिलच्या टोकाने हातानेच फिरवून साफ केला. हे कंटाळवाणं आहे आणि यात कसूर करून चालत नाही. बर राहिला तर पत्रा नळीवर टेकतच नाही आणि रिव्हेट हवेतच पकडतो.

नळ्यांना पाडलेल्या भोकांच्या कडेला उघडं लोखंड दिसतं. प्रत्येकाला छोट्या ब्रशने प्रायमर लावला. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. लोखंड, अॅल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आलं की तिथे बॅटरीच तयार होते आणि त्यात अॅल्युमिनियमचा बळी जातो.

रविवार, १६ फेब्रुवारी

तळ आणि बोगदा कायमचे लागले. मधे पॉलियुरेथेन सीलंट, वर रिव्हेट. नुसत्या सांगाड्याचा एक कोपरा उचलला की तो पिळायचा, ते आज हाताला जाणवण्याइतकं कमी झालंय. हे पत्रे झाकणापुरते नसतात, सांगाड्याला ताठपणाही देतात.

एक त्रास: पॉप रिव्हेट पिस्तुलाने एकाच बाजूने ओढून बसवतात, आणि त्याचा दांडा तुटला की त्याचं मुंडकं कधी कधी नळीच्या आत पडतं, आणि मग सांगाडा हलवला की खुळखुळा वाजतो. पावडर कोटिंगवाल्यांनी ठेवलेल्या खालच्या भोकांतून आठ-दहा बाहेर काढली. बाजूच्या पत्र्यांना बंद टोकाचे रिव्हेट मागवले, त्यांत मुंडकं आतच अडकून राहतं आणि पाणीही शिरत नाही.

बोगद्यातली ब्रेकची नळी आधीच बसवली असती तर उजव्या ओळीतलं सातवं भोक तिच्यात गेलं असतं. माझ्या नशिबाने ती अजून खोक्यात आहे. पुढे बाकीची भोकं पाडताना ड्रिलला थांबा लावणार.

रविवार, २ मार्च

डावी बाजू. सगळ्यात लांब पत्रा, १.८ मीटर, समोर इंजिनापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत. खालची कड कारखान्यातच दुमडलेली आहे, वरची कॉकपिटच्या नळीवर वळवायची.

पहाट कडक थंडीची, बाहेर काचांवर दहिवर. गॅरेजमध्ये थर्मामीटर ५ अंशांवर. कोरडी जुळणी काल झालेली, त्यामुळे सरळ कामाला लागलो. नळ्या आणि पत्र्याची आतली बाजू स्कॉचब्राइटने घासली, अल्कोहोलने पुसली, सीलंटची सलग रेघ ओढली. थंडीत सीलंट इतकं घट्ट होतं की नळी आधी कोमट पाण्यात ठेवावी लागली. पत्रा एकट्याने धरायचा म्हणून दोन्ही टोकांना चार-चार रिव्हेट मारून टाकले, आणि मग टोकांकडून मधे येत गेलो. ८६ रिव्हेट, साडेतीन तास.

मधल्या भागात शेवटची काही भोकं अर्ध्या मिलिमीटरने सरकलेली दिसली. क्लेको जोर लावून बसवले, ओढले गेले. संध्याकाळी बॅटरीचा उजेड पत्र्यावरून तिरपा टाकून पाहिला. सपाट आहे.

रविवार, ३० मार्च

गुढीपाडवा. काम बंद. सकाळी फोनवर बाबांना डाव्या बाजूचे फोटो दाखवले. त्यांचा व्हिसा आलाय, एप्रिलच्या शेवटी येतील. "उजवी बाजू मी आल्याशिवाय लावू नकोस," एवढंच म्हणाले.

रविवार, ४ मे

बाबा एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत ३१ वर्षं बॉडी विभागात होते. चासी यायची, तिच्यावर सांगाडा उभा राहायचा, आणि त्या सांगाड्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने चढायचे. आता एसटीने माइल्ड स्टीलची बॉडी घेतली आहे, पण त्यांची सगळी नोकरी अॅल्युमिनियमवर गेली. लहानपणी त्यांच्या हातांना येणारा तो राखाडी, किंचित गोडसर वास मला अजून आठवतो. फेब्रुवारीत पहिलं भोक पाडलं तेव्हा गॅरेजमध्ये तोच वास होता.

गॅरेजमध्ये आल्यावर त्यांनी आधी तळ पाहिला, खाली वाकून, हात फिरवून. "बरं झालंय." मग डाव्या बाजूशी आले. बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करत पुढून मागे गेले. मधे एका ठिकाणी आवाज बदलतो, तो मलाही ऐकू आला. तिथे पत्रा डब्यासारखा वाजतो.

"कुठून सुरुवात केलीस?"

"दोन्ही टोकांकडून. एकटा होतो ना."

"आणि कधी लावलास?"

"मार्चमध्ये. थंडी होती."

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता राहू दे. ऊन पडल्यावर कळेल."

मी त्यांना म्हटलं की पत्रा तर अगदी सपाट आहे. त्यांनी मान हलवली आणि उजव्या पत्र्याची फिल्म तपासायला गेले.

शनिवार, १० मे

उजवी बाजू, कोरडी जुळणी. बाबांच्या हाताखाली दिवसभर.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझ्या कानशी वेगळ्या केल्या. लोखंडावर वापरलेली कानस अॅल्युमिनियमला लावायची नाही, तिच्या दातांतले लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पुढे गंजाचे ठिपके येतात. अॅल्युमिनियमच्या कानशीवर त्यांनी नातीचा फळ्यावरचा पांढरा खडू घासला. खडू दातांत बसला की पत्र्याचा कीस अडकत नाही, झटकला की पडतो. मी इतके दिवस तारेच्या ब्रशने दात साफ करत बसलो होतो.

वरची कड वळवायला कॉकपिटच्या नळीवर जाड लाकडी पट्टी धरली आणि मोगरीने लहान लहान ठोके देत, एकदम पूर्ण न वळवता, तीन फेऱ्यांत आणली. पुढून मागे जाताना प्रत्येक फेरीत जेमतेम तीस अंश. एका जागी एकदम वळवलं तर कड तिथे ताणली जाते आणि शेजारच्या सपाट भागात लाट उठते.

मागचा कोपरा कठीण. तिथे कड दोन दिशांनी वळते, म्हणजे धातू आक्रसायला हवा, आणि अर्धा कडक पत्रा ते करत नाही. ठोकत राहिलं तर आणखी कडक होऊन शेवटी फाटतो. तेवढाच भाग नरम करायचा. बाबांनी कपड्यांच्या साबणाची वडी कोपऱ्यावर घासली आणि मला गॅसची ज्योत दुरून, सतत फिरवत द्यायला सांगितली. अॅल्युमिनियम तापताना रंग बदलत नाही, लाल होत नाही, आणि सांगता सांगता वितळून भोक पडतं. साबण मात्र बोलतो. तो आधी तपकिरी, मग काळा झाला की थांबायचं. काळा होताच ज्योत काढली, गार होऊ दिलं. त्यानंतर तो कोपरा मोगरीखाली कणकेसारखा बसला. तीन छोट्या चुण्या आल्या, त्या कडेकडून दाबत जिरवल्या.

कानावर पेन्सिल ठेवायची त्यांची सवय अजून आहे. खुणा करायला ती काढली तेव्हा मी ग्राफाइटचं सांगितलं. त्यांनी मार्कर घेतला आणि म्हणाले, कोकणात चालून आलेल्या गाड्यांचे पत्रे उघडले की लोखंडाला थेट टेकलेल्या जागी पांढरी भुकटी निघायची, ती आठवते. तेव्हा मधे पिवळा क्रोमेट प्रायमर लावत. इथलं सीलंट त्यांना आवडलं. नळीवरची बारीक अक्षरं त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली.

रविवार, ११ मे

उजवी बाजू लागली.

सकाळी दहाला स्वच्छ ऊन होतं. बाबांनी पत्रा उचलून अंगणात सतरंजीवर उन्हात ठेवायला लावला, आतली बाजू वर करून. सांगाडा गॅरेजच्या सावलीतच. "उन्हात पत्रा वाढतो. वाढलेला असतानाच पकडायचा, मग तो गार होऊन स्वतःच ताणून बसतो. पण कोमट हवा, हाताला चटका बसेल इतका तापवायचा नाही."

मला तो किती तापला हे मोजायचं होतं. लेझरच्या थर्मामीटरने आधी १९ अंश दाखवले, जे शक्यच नव्हतं. चकचकीत अॅल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी फेकतं आणि यंत्राला आजूबाजूचंच, म्हणजे आभाळाचं प्रतिबिंब दाखवतं. पत्र्यावर काळी टेप चिकटवली आणि तिच्यावर मोजलं: ३३. सांगाडा १७.

मग सगळं भराभर. सीलंट आधीच ओढून तयार होतं, त्याला तासाभरात साय धरते. मी आणि बाबांनी दोन टोकांना धरून पत्रा आणला, मधलं भोक जुळवून पहिला क्लेको घातला, आणि तिथून दोघे दोन दिशांना निघालो. वरच्या ओळीत एक, खाली एक, पुन्हा वर. नात शेजारी उभी राहून मोजून क्लेको हातात देत होती. सगळे ४० लागल्यावर रिव्हेटही मधूनच सुरू केले, एकाआड एक भोक, मग उरलेली. प्रत्येक रिव्हेटआधी बाबा अंगठ्याने पत्रा मधून टोकाकडे चोळत नेत होते, गोधडीतली सुरकुती काढावी तसा. त्यांच्या काळात भरीव रिबीट असत. बाहेरून एक जण ठोकणार, आतून दुसरा डॉली, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, धरणार. डॉली धरणाऱ्याचं मनगट चुकलं की पत्र्याला पोचा. पॉप रिव्हेटची पिस्तूल त्यांना हलकी वाटते, पण एका बाजूने काम होतं हे मान्य.

एकही भोक सरकलं नाही. शेवटच्या टोकाचे रिव्हेट बोटाने ढकलून आत गेले.

वाजवून पाहिलं. पुढून मागेपर्यंत एकच बसका आवाज.

रविवार, १ जून

स्कटल चढला. त्याचं वक्र कारखान्यातूनच रोल होऊन आलेलं, त्यामुळे काम सोपं. मधून बाहेर, पट्ट्याने आवळून, बारा रिव्हेट.

आज एसटीचा वाढदिवस. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. दुपारी बाबांनी स्कटलला हात लावून बसलेला स्वतःचा फोटो काढायला लावला आणि कार्यशाळेतल्या जुन्या मित्रांना पाठवला. रात्रीपर्यंत त्यांचा फोन वाजत होता. एकाने विचारलं की हे कुठल्या गाडीचं बॉनेट.

शनिवार, २१ जून

दोन दिवस इथे असह्य ऊन आहे. गॅरेज झाडायला म्हणून सांगाडा चाकांच्या घोडीवर घेऊन अंगणात काढला. तासाभराने चहा घेऊन बाहेर आलो तर डाव्या बाजूला पोट आलेलं.

पुढच्या चाकामागे एक लांबट फुगवटा आणि कॉकपिटच्या खाली दुसरा, अगदी मे महिन्यात पत्रा जिथे डब्यासारखा वाजला होता तिथे. तळहाताने दाबलं की फट्‌ आवाज करून आत जातो, सोडलं की बाहेर येतो. निळ्या फिल्मवर ऊन असं वाकडं चमकत होतं की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसलं असतं. घोडी फिरवून उजवी बाजू उन्हात केली, पाऊण तास थांबलो. ती तशीच. काळ्या टेपवर ३५ अंश, आणि पत्रा सपाट.

बाबा पायरीवर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. "मला तेव्हाच वाटलं होतं," ते म्हणाले, "पण तुझ्या हातचा पहिला पत्रा होता."

रात्री सांगाडा आत घेतला. दहा वाजता पोट पूर्ण गेलेलं.

रविवार, २२ जून

काल रात्री हिशोब मांडला. अॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, लोखंड १२. पत्रा १.८ मीटर. मार्चमध्ये ५ अंशांवर पकडला, काल ३५ ला गेला, म्हणजे ३० अंशांचा फरक. पत्र्याला १.२४ मिमी वाढायचं होतं, सांगाडा वाढला ०.६५. उरले साधारण ०.६ मिमी, आणि त्यांना जायला जागा नाही, कारण ३.३ च्या भोकात ३.२ चा रिव्हेट फुगून भरलेला असतो.

अर्धा-पाऊण मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण १.८ मीटरची पट्टी दोन्ही टोकांना धरून तिला ०.६ मिमी जास्तीची लांबी दिली आणि ती एकाच कमानीत उठली, तर कमानीची मधली उंची २० मिमी येते. मी तीनदा आकडा तपासला. खऱ्या पत्र्याला वर-खाली रिव्हेटची ओळ आहे, म्हणून एक मोठी कमान न होता दोन लहान पोटं आली. त्यात मी टोकांकडून मधे येत उरलासुरला झोल मधेच कोंडला होता, त्यामुळे ती कुठे उठणार हेही मीच ठरवून ठेवलं होतं.

पर्याय पाहिले. आतून डॅम्पिंगची चिकट पट्टी लावली तर आवाज बसेल, पोट राहील. ठिपक्याठिपक्याने तापवून पत्रा आक्रसवता येतो, पण मागे सीलंट आहे, ते जळेल. मधे आतून आडवा अँगल चिकटवला तर पोट दोनाऐवजी चार लहान तुकड्यांत विभागेल. बाबांनी तिन्ही ऐकून घेतले. म्हणाले, "तुला रोज दिसणार आहे."

नवीन पत्रा मागवतोय. २५०० बाय १२५० ची अखंड शीट, वजन साधारण १० किलो.

शनिवार, २८ जून

डावा पत्रा काढला. रिव्हेटची मुंडकी ड्रिलने उडवली. ड्रिलबरोबर रिव्हेट गोल फिरायला लागला की पेंचिसने धरायचा, नाहीतर भोक मोठं होतं. सात भोकं तरीही मोठी झाली, तिथे ४ चे रिव्हेट घालणार.

सीलंटने मात्र दमवलं. गिटारची पोलादी तार दोन लाकडी मुठींना बांधून, पत्रा आणि नळीच्या मधून करवतीसारखी ओढत नेली. एक जण आत, एक बाहेर. पाच तारा तुटल्या. दोन ठिकाणी पावडर कोटिंग निघालं, घासून प्रायमर आणि रंग दिला. हे काम करताना एक खात्री झाली, की सीलंटची पकड रिव्हेटपेक्षा कमी नाही.

काढलेला पत्रा वाकला, पण फर्मा म्हणून उत्तम आहे. नव्या शीटवर ठेवून बाहेरची रेघ मारली. भोकं मात्र त्यावरून घेतली नाहीत. त्यांतली निम्मी ओढलेली होती. नव्या पत्र्याची भोकं आतून, नळीच्या भोकांतून छोटं पायलट ड्रिल घालून पाडली.

शनिवार, १२ जुलै

मागचे दोन रविवार कडा वळवण्यात गेले. कोपऱ्याला साबण या वेळी मी लावला, ज्योतही मी दिली, बाबा खुर्चीवर.

आज ऊन इतकं की पत्रा जास्त तापेल याची मला काळजी होती. गार झाल्यावर येणारा ताण किती, हे मोजून ठेवलं होतं: पत्रा ३४ अंशांवर, सांगाडा २५ वर असताना पकडला आणि हिवाळ्यात दोन्ही उणे ५ ला गेले, तर पत्र्यात सुमारे ३८ मेगापास्कल ताण. या जातीच्या पत्र्याला ८५ पर्यंत कायमचा ताण बसत नाही. म्हणजे ३४ चालेल, त्याच्या फार वर जायचं कारण नाही. टेपवर ४१ दिसले तेव्हा पत्रा सावलीत घेतला आणि ३४ होईपर्यंत थांबलो. बाबांनी तेवढ्यात पत्र्याला हाताची पालथी बाजू लावली आणि "आता" म्हणाले. मी टेपवर पाहिलं, ३५.

मधला क्लेको, मग दोघे दोन दिशांना. उन्हात सीलंट लवकर साय धरतं, त्यामुळे बोलायलाही वेळ नव्हता, आणि लागलाही नाही. वरचा क्लेको त्यांचा, खालचा माझा. ४० क्लेको नऊ मिनिटांत. मार्चमध्ये एकट्याने साडेतीन तास लागलेलं काम दोघांनी एक तास दहा मिनिटांत केलं. टोकाची भोकं जुळली.

रविवार, २७ जुलै

कडांचं काम. ही गाडी रस्त्यावर येण्याआधी आयव्हीए नावाची सरकारी तपासणी असते, आणि बाहेरून स्पर्श होऊ शकेल अशा प्रत्येक कडेची गोलाई निदान २.५ मिमी त्रिज्येची हवी. तपासणीस १०० मिमी व्यासाचा गोल लावून कुठे स्पर्श होतो ते पाहतात. १.२ मिमीची उघडी कड यात बसूच शकत नाही, म्हणून स्टीअरिंगच्या दांड्याच्या खाचेला आणि एक्झॉस्टच्या तोंडाला यू आकाराची रबरी पट्टी, आतून चिकटवलेली. नुसती दाबून बसवलेली निघून येते. वरची कड नळीवर पूर्ण वळलेली असल्याने तिथे काही करावं लागलं नाही.

फिल्म काढली. दोन्ही बाजूंची, एकाच दिवशी. उजवीकडे कोपऱ्यात थोडी चिकटली होती, कोमट साबणपाण्याने सुटली. सांगाडा अंगणात काढून दिवसभर उन्हात ठेवला, संध्याकाळी आत घेतला, मधे चार वेळा दोन्ही बाजू वाजवल्या. बाबा डावीकडून, मी उजवीकडून, एकाच वेळी, पुढून मागे. नातीला मधे उभं करून विचारलं की कुठल्या बाजूचा आवाज वेगळा आहे. तिला सांगता आलं नाही.

बॉनेट पुढच्या आठवड्यात येतंय. बाबांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं आहे. क्लेको सगळे रॉकेलमध्ये भिजत घातलेत.